अकरा नंबरची बस : सह्याद्री स्पेशल

तिकीट नाही, कंडक्टर नाही, पेट्रोलची चिंताही नाही. बूट आवळा आणि निघा!

बोरिवली : लोकलमधून उतरून चालायला लागलं की थोड्याच वेळात जंगल लागतं, आणि त्यात खरेखुरे बिबटे! इथल्या कान्हेरीच्या डोंगरात शंभरावर बौद्ध लेणी आहेत. कातळात खोदलेली पाण्याची टाकी पाहिलीत की कळतं, पावसाचं पाणी साठवायचा धडा मुंबईला फार जुना आहे.

पर्वती : पुण्याची हक्काची १०३ पायऱ्यांची टेकडी. एकदा चढलात तर दर्शन, पाचदा चढलात तर व्यायाम.

माथेरान : ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये इथे पोचले आणि मुंबईच्या साहेबांना थंड हवेचा पत्ता मिळाला. पर्यटकांच्या मोटारी आजही दस्तुरी नाक्यालाच थांबतात. पुढे लाल माती, गर्द सावली आणि बिस्किटावर डोळा ठेवून बसलेली माकडं.

नाणेघाट : कोकणातल्या बंदरांवरून जुन्नरकडे जाणारी व्यापारी वाट. गुहेतल्या सातवाहनकालीन शिलालेखात यज्ञांत दिलेल्या दानाचा हिशेब चक्क आकड्यांत कोरलाय. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, असं सांगतात. म्हणजे टोलनाका दोन हजार वर्षांचा!

हरिहर : छातीवर येणाऱ्या उभ्या पायऱ्या, आणि हात रोवायला त्यांतच खोबणी. एव्हरेस्टवीर डग स्कॉट यांनी १९८६ मध्ये पायऱ्या सोडून इथला सरळसोट कडाच चढला. तो आता 'स्कॉटिश कडा' म्हणून ओळखला जातो.

कोकणकडा : हरिश्चंद्रगडावर सूर्य पाठीशी आणि दरीत धुकं असं जुळून आलं, तर इंद्रधनुष्य कमानीसारखं नाही, पूर्ण गोल दिसतं. मधोमध सावली कुणाची? तुमचीच! यालाच म्हणतात इंद्रवज्र.

कळसूबाई : १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. अवघड कातळटप्प्यांना लोखंडी शिड्या आहेत. हे टप्पे म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. माथ्यावर देवीचं इवलंसं देऊळ. नवरात्रात आसपासच्या गावांतल्या बाया ओटी घेऊन वर येतात, आणि तेव्हा हजारोंच्या बुटांचा रुबाब फिका पडतो.

कारवीचे उतार : घाटातल्या कुडाच्या भिंती जिच्या काठ्यांच्या, ती ही कारवी. साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, मग अख्खा डोंगर जांभळा होतो. बी धरलं की झुडूप मरतं. बहर हुकला, तर तोवर गुडघे सांभाळा!