सांभाळणे म्हणजेच शिकवणे : लहान मुलांसाठी घरगुती खेळ

पिंपरी-चिंचवड ही कष्टकऱ्यांची नगरी आहे. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनीची येथे स्थापना झाली, पुढे औद्योगिक वसाहत वाढत गेली आणि मराठवाडा, सोलापूर, विदर्भ अशा भागांतून आपला समाज पोटापाण्यासाठी येथे येऊन स्थिरावला. आज आपल्या अनेक भगिनी निगडी प्राधिकरण, वाकड, पिंपळे सौदागर येथील सोसायट्यांत दुसऱ्यांची मुले सांभाळण्याचे काम करतात. काहीजणी आपल्याच वस्तीत शेजारणीचे मूल ठेवून घेतात. त्या कामावर गेल्या की त्यांची स्वतःची मुले आजीजवळ किंवा थोरल्या बहिणीजवळ असतात. या सर्व सांभाळणाऱ्या हातांसाठी हा लेख आहे.

मूल सांभाळणे म्हणजे त्याला खाऊ घालणे, झोपवणे आणि रडू न देणे, एवढाच अर्थ बहुतेक ठिकाणी घेतला जातो. परंतु मुलाचे शिक्षण शाळेत नाव घातल्या दिवशी सुरू होत नाही. पहिल्या सहा वर्षांत त्याची भाषा, हाताची पकड, लक्ष देण्याची सवय आणि धीटपणा यांचा पाया घातला जातो. म्हणून सांभाळणारी बाई ही त्या मुलाची पहिली शिक्षिकाच होय, मग तिला कोणी बाई म्हणो वा ताई.

महागडी खेळणी हवीत, हा गैरसमज आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, खडे, बिया, पाने अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतूनच मुलांना शिकवले. मुले येत नाहीत तर आपणच त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी उभी राहिली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि हा शब्द देशभर पोहोचला.

आपल्या धम्मातही याचे सुंदर उदाहरण आहे. राहुलाला खोटे न बोलण्याचा उपदेश करताना भगवान बुद्धांनी पाण्याचे भांडे हाती घेतले. त्यात थोडेसे पाणी ठेवून दाखविले, मग ते सांडले, भांडे पालथे केले आणि पुन्हा सुलटे करून रिकामे दाखविले. पुढे त्यांनी आरशाचा दृष्टांत दिला. मज्झिम निकायातील या सुत्तावरून दिसते की, लहानांना आधी वस्तू दाखवावी आणि मग अर्थ सांगावा.

घरात करता येण्याजोगे खेळ

१) ओतण्याचा खेळ : दोन पेले आणि थोडे पाणी द्यावे. एका पेल्यातून दुसऱ्यात न सांडता ओतायला सांगावे. हात आणि डोळे एकत्र काम करू लागतात. हीच पकड पुढे पेन्सिल धरताना कामी येते. सांडले तर रागावू नये, फडके द्यावे. पुसणे हाही खेळच आहे.

२) निवडण्याचा खेळ : कांदे एकीकडे, बटाटे दुसरीकडे, चमचे एकीकडे, वाट्या दुसरीकडे. सारखे काय आणि वेगळे काय, हे ओळखणे म्हणजे गणिताची सुरुवात आहे.

३) वाटण्याचा खेळ : पुष्कळ मुले वीसपर्यंत अंक घडाघडा म्हणतात, पण चार चमचे मागितले तर मूठभर आणतात. म्हणून जेवायला बसताना प्रत्येकाच्या ताटात एकेक चमचा ठेवायला लावावे. जिना चढताना पायऱ्या मोजाव्यात. अंकामागे वस्तू असते, हे अशाने कळते.

४) बोलण्याचा खेळ : भाजी चिरताना, कपडे घड्या घालताना मुलाशी बोलत राहावे. "हे काय? कोणाचे? पुढे काय होईल?" असे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. मूल घरची बोली बोलत असेल तर हसू नये. जी भाषा आपल्याला मनापासून येते तिच्यातच बोलावे, म्हणजे मुलाला भरपूर शब्द मिळतात.

५) अंगाचा खेळ : जमिनीवर खडूची रेघ ओढून तिच्यावरून चालणे, लंगडी, चिंध्यांचा चेंडू टोपलीत टाकणे. दहा बाय दहाच्या खोलीतही हे जमते.

६) शांततेचा खेळ : डोळे मिटून एक मिनिट बसावे आणि काय काय ऐकू आले ते सांगावे : कुकरची शिट्टी, रेल्वे, चिमणी. यातून लक्ष देण्याची सवय लागते.

सावधगिरी

तीन वर्षांखालील मुलाच्या हाती शेंगदाणे, वाटाणे, मणी, नाणी देऊ नयेत. ती घशात किंवा नाकात अडकतात. पाण्याची बादली भरलेली ठेवून मुलाला एकटे सोडू नये. मोबाईल दाखवून मूल गप्प बसते खरे, पण मोबाईल मुलाच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली असे सुचविले की, दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासाहून अधिक वेळ देऊ नये.

समाजाची जबाबदारी

आता एक कटू गोष्ट. आपली भगिनी दिवसभर दुसऱ्याच्या मुलाला गोष्टी सांगते, रंग शिकवते, आणि रात्री घरी येते तेव्हा तिच्या अंगात बोलण्याचेही त्राण उरत नाही. तिचे स्वतःचे मूल शाळेत जाते ते मागे पडूनच. यात तिचा दोष नाही. हा भार घरातील पुरुषांनी आणि समाजाने वाटून घेतला पाहिजे. रात्रीच्या जेवणाआधी बापाने पंधरा मिनिटे वरीलपैकी एक खेळ घेतला तरी पुष्कळ होईल. आपल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक तास लहान मुलांसाठी राखून ठेवता येईल. एक पेटी, काही वाट्या, खडू, चेंडू आणि चित्रांची पुस्तके एवढे साहित्य पुरेसे आहे. शिकलेल्या तरुण-तरुणींनी आळीपाळीने हे काम अंगावर घ्यावे.

तसेच हे काम हलके समजू नये. मुलाची भाषा आणि बुद्धी घडविणारे काम कौशल्याचे आहे. ते करणाऱ्या भगिनीने योग्य पगार आणि आठवड्याची सुट्टी हक्काने मागावी आणि संघटित होऊन मागावी. बाबासाहेबांनी शिक्षणाला पहिले स्थान दिले. त्या शिक्षणाची सुरुवात आपल्या घरातील वाटी-चमच्यापासून होऊ शकते.

जय भीम! नमो बुद्धाय!