क्लाउड म्हणजे नेमके कोठे?

धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातील शिक्षक शाळेची माहिती मोबाईलवर भरतो, तेव्हा ती ‘क्लाउडवर गेली’ असे म्हणण्याची रीत पडली आहे. क्लाउड म्हणजे ढग. नाव काव्यमय खरे, पण दिशाभूल करणारे आहे. माहिती आकाशात जात नाही. ती जमिनीवरच्या, पहाऱ्यातील इमारतींत ठेवलेल्या संगणकांत जाते. या इमारतींना डेटा सेंटर म्हणतात.

शहादा तालुक्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. गाव आपल्या जिल्ह्यातले. परंतु आधार प्राधिकरणाची डेटा सेंटरे बंगळूर व मानेसर येथे आहेत. ती प्राधिकरणाची स्वतःची आहेत. सर्वच संस्थांना असा खर्च झेपत नाही. म्हणून काही बड्या कंपन्या डेटा सेंटरे बांधून त्यांतील संगणक भाड्याने देतात. हाच क्लाउडचा व्यवसाय होय. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्याच्या परिसरात, तर ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत असे केंद्र सुरू केले.

ॲमेझॉनची रचना पाहण्यासारखी आहे. ‘मुंबई’ हे एका इमारतीचे नाव नसून एका प्रदेशाचे नाव आहे. जगात असे तिसांहून अधिक प्रदेश आहेत. प्रत्येक प्रदेशात काही विभाग, आणि प्रत्येक विभागात एक वा अधिक डेटा सेंटरे असतात. विभागांतील अंतर काही किलोमीटरांचे, पण शंभराच्या आतले. शाळेच्या जनरल रजिस्टराच्या तीन प्रती करून एक प्रकाशाला, एक तळोद्याला व एक नवापूरला ठेवावी, म्हणजे तापीला पूर आला तरी तिन्ही भिजणार नाहीत. तसाच हा विचार आहे. अंतर फार वाढवले तर तिन्ही प्रती एकाच क्षणी जुळत्या ठेवणे कठीण होते. प्रत्येक विभागाची वीजव्यवस्था निराळी असते. वीज गेल्यास जनित्र सुरू होईपर्यंतचा अवधी बॅटऱ्या भरून काढतात. यंत्रे फार तापतात, म्हणून ती थंड ठेवण्यावरही पुष्कळ वीज खर्च होते.

या इमारती काचतंतूंच्या केबलने जोडलेल्या असतात, आणि दूरचे प्रदेश समुद्रतळाच्या केबलने. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. नंदुरबारपासून मुंबईपर्यंत केबल ४५० किलोमीटर धरली, तर ४५० भागिले २,००,००० म्हणजे ०.००२२५ सेकंद. हे उदाहरण सातवीच्या वर्गात अवश्य घालावे. यावरून उघड होते की सातपुड्यातील शाळेला होणारा विलंब मुंबईच्या अंतरामुळे नसतो. तो डोंगराआडच्या टॉवरमुळे, खंडित विजेमुळे, एकाच टॉवरवर पडलेल्या गर्दीमुळे असतो.

एवढी व्यवस्था असूनही चूक होते. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील ॲमेझॉनच्या प्रदेशात एका कर्मचाऱ्याकडून आज्ञा चुकीची दिली गेली आणि हवे होते त्याहून कितीतरी अधिक संगणक बंद पडले. असंख्य संकेतस्थळे काही तास खोळंबली. पूर नव्हता, आग नव्हती. केवळ टंकलेखनातील चूक.

शिक्षकांच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. विद्यार्थ्याची जन्मतारीख चुकीची भरली, तर यंत्रणा ती चूक तितक्याच इमानाने तिन्ही ठिकाणी जपते. खरे काय हे सांगणारे तिच्यापाशी काही नाही. ते शाळेच्या कपाटातील रजिस्टरात आहे. तसेच, रेंज नसताना भरलेली नोंद काही ॲपमध्ये मोबाईलवरच थांबून राहते. ती पुढे पोहोचल्याची खूण दिसण्यापूर्वी मोबाईल हरवला किंवा ॲप काढून टाकले, तर मुंबईतील विभाग कितीही असोत, तेथे शोधण्याजोगे काहीच नसते. कारण नोंद गावाबाहेर गेलेलीच नसते.