कमी उडालेलं जुनं विमान : तासांवर भुलू नका

अमेरिकेत खासगी पायलटचं लायसन्स हातात पडलं, की पुढचा विचार हमखास स्वतःच्या विमानाचा येतो. नवं सेस्ना १७२ चार लाख डॉलरच्या पुढे जातं, त्यामुळे नजर जुन्या बाजाराकडे वळते. जुनं म्हणजे खरोखरच जुनं. १९५६ पासून या मॉडेलची ४४ हजारांहून जास्त विमानं बनली, पण १९८६ ते १९९६ या काळात सेस्नाने पिस्टन इंजिनाची विमानं बनवणंच थांबवलं होतं. म्हणून परवडणाऱ्या किमतीत जे मिळतं ते बहुतेक साठ-सत्तरच्या दशकातलं असतं.

त्यात एक ठरावीक जाहिरात भेटतेच : १९७६चं मॉडेल, एकूण फक्त २,१०० तास, ओव्हरहॉलनंतर इंजिन अवघं ३८० तास चाललेलं, कायम हँगरमध्ये. मालक वयस्कर, गेली काही वर्षं उडवणं जमलेलं नाही. सेकंड हँड गाडी बघताना ‘डॉक्टरांची गाडी आहे, फारशी फिरलीच नाही’ हे ऐकून आपण खूश होतो. तोच हिशोब विमानाला लावला जातो आणि घोळ तिथेच होतो.

‘इंजिन दोन हजार तासांचं, अजून सोळाशे शिल्लक आहेत’

तास हे इंजिनाच्या वयाचं अर्धंच माप आहे. १७२ मध्ये १९६८ पासून लायकमिंगचं ओ-३२० हे इंजिन बसवलं गेलं. त्याच्या ओव्हरहॉलसाठी कंपनीने २,००० तासांची शिफारस केली आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच शिफारशीत बारा वर्षांची मुदतही आहे. ती जाहिरातीत येत नाही. ओव्हरहॉल वीस वर्षांपूर्वीचं असेल, तर ३८० तास म्हणजे वर्षाला एकोणीस. कंपनीच्या लेखी त्या इंजिनाची मुदत केव्हाच संपली आहे. खासगी वापरात ही मुदत पाळायची कायद्याने सक्ती नाही, आणि नियमित उडणारी कितीतरी इंजिनं ती ओलांडून छान चालतात. पण उभ्या राहिलेल्या इंजिनाचं दुखणं वेगळं असतं.

या लायकमिंगचा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. कॅमच्या उंचवट्यांना दाबाने तेल मिळत नाही, उडणाऱ्या शिंतोड्यांवर त्यांचं भागतं. विमान महिनोन्‌महिने उभं राहिलं, की तेलाचा थर हळूहळू खाली ओघळतो. दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकाने इंजिनाच्या आत दव धरतं आणि उघड्या पडलेल्या पोलादाला गंज लागतो. असा कॅम सिलिंडर काढून बघितला, तर गुळगुळीत चकाकणाऱ्या धातूवर मोहरीच्या दाण्यांएवढे तपकिरी, खरबरीत ठिपके दिसतात. बघायला किरकोळ. पण नवा मालक उडवायला लागला, की टॅपेट त्याच ठिपक्यांवर घासतो, वरचा कडक थर सोलून निघतो आणि धातूचा चुरा तेलातून सगळ्या इंजिनात फिरतो. कॅम बदलायचा तर इंजिनाचं कवच उघडून दोन भाग करावे लागतात, म्हणजे व्यवहारात ओव्हरहॉलच. आजच्या दराने तो खर्च तीस-चाळीस हजार डॉलरच्या घरात जातो. पुष्कळदा ही रक्कम त्या विमानाच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असते.

१९६७ पर्यंतच्या १७२ मध्ये काँटिनेंटलचं ओ-३०० होतं. त्यात कॅमशाफ्ट क्रँकच्या खाली असतो, म्हणून त्याला तेल टिकून राहतं. तिथे सिलिंडरच्या भिंतींवरचा गंज आधी शोधायचा. इंजिन कोणतं आहे हे म्हणूनच रंग-सीट बघण्याआधी विचारावं.

‘मालक दर आठवड्याला इंजिन चालू करतो’

हे विकणारे अगदी प्रामाणिकपणे सांगतात, आणि त्यांच्या मते ती विमानाची काळजीच असते. पण पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, त्यातली थोडी पिस्टनच्या बाजूने तेलात उतरते. जमिनीवर दहा-पंधरा मिनिटं चालवून तेल इतकं तापत नाही, की ते पाणी उडून जावं. म्हणजे दर आठवड्याला आत थोडं पाणी घातलं जातं. लायकमिंगचं सांगणं स्पष्ट आहे : तीस दिवसांत किमान एकदा, सलग तासभर उड्डाण, तेलाचं तापमान १६५ ते २०० अंश फॅरनहाइट. जमिनीवर इंजिन चालवणं याला पर्याय नाही. प्रॉपेलर हाताने फिरवून ठेवण्याची सवयही कंपनीला मान्य नाही, कारण त्याने उरलासुरला तेलाचा थर पुसला जातो.

विमान बराच काळ ठेवायचंच असेल तर त्याची रीतसर पद्धत आहे : गंजरोधक तेल, स्पार्क प्लगच्या जागी ओलावा शोषणारे प्लग, तोंडं बंद. असं केल्याची नोंद लॉगबुकात असेल, तर त्या मालकाला मनापासून दाद द्यावी. अशी नोंद फार क्वचित सापडते.

‘कॉम्प्रेशन सगळ्या सिलिंडरचं उत्तम, ॲन्युअलही ताजं’

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, कारण दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. कॉम्प्रेशनच्या चाचणीत रिंगा आणि व्हॉल्व्ह हवा धरतात का, एवढंच कळतं. कॅम झिजला तर व्हॉल्व्ह उघडतो कमी, पण मिटतो नीट. त्यामुळे आकडे झकास येतात. तेलाच्या फिल्टरचंही तसंच. तो कापून धातूचा चुरा बघणं ही चांगली तपासणी आहे, पण त्या तेलावर इंजिन चारच तास चाललं असेल तर चुरा यायचा कुठून?

दर बारा महिन्यांनी होणारं ॲन्युअल इन्स्पेक्शन कायद्याने बंधनकारक आहे. त्यात कॅम उघडून बघायची सक्ती नाही. त्या सहीचा अर्थ इतकाच, की त्या दिवशी, तेवढ्या तपासणीत विमान उडण्यायोग्य आढळलं. शिवाय ती सही विकणाऱ्याच्या नेहमीच्या मेकॅनिकची असते. तो अप्रामाणिक असतो असं मी म्हणत नाही, पण तो तुमचा नसतो.

म्हणून प्री-बाय, म्हणजे खरेदीआधीची तपासणी स्वतंत्र हवी. मेकॅनिक तुम्ही निवडलेला, त्या मॉडेलचा जाणकार, आणि शक्यतो ते विमान आधी कधी न हाताळलेला. नियमांत ‘प्री-बाय’ची व्याख्याच नाही, तेव्हा काय काय बघायचं हे लेखी ठरवून घ्या. क्रम असा ठेवा : आधी लॉगबुकं, मग स्पार्क प्लगच्या भोकातून बोअरस्कोप घालून सिलिंडर आणि व्हॉल्व्ह, मग एक सिलिंडर काढून कॅम. इथपर्यंत ठीक असेल तरच पुढच्या तपासणीवर पैसे घाला. सुरुवातीलाच तिला ॲन्युअलचं रूप देऊ नका. विमान नापास झालं तर विकणाऱ्याशी नको तो वाद उभा राहतो.

‘हँगरमध्ये होतं, म्हणजे बाकी सगळं ठीक’

हँगर ऊन-पाऊस अडवतो. कुंभारमाशीला अडवत नाही. १७२ च्या डाव्या पंखाखाली, स्ट्रटच्या मागे, इंधनटाकीला हवा देणारी एक बारीक नळी आहे. त्या नळीत मातीचं घरटं बसलं, की टाकीत हवा शिरत नाही आणि इंधनाचा प्रवाह कमी होत जातो. हवेचा वेग मोजणाऱ्या पिटो नळीतही हाच धोका असतो. उंदरांचं मूत्र ॲल्युमिनियम खातं, म्हणून पंखांची आणि शेपटीची तपासणीची झाकणं सगळी उघडायला लावा. रबरी होज, सील, टायर हे वयाने जातात, तासांनी नव्हे. फ्लोरिडा किंवा टेक्सासच्या किनाऱ्यावरचं विमान आणि ॲरिझोनातलं विमान यांच्यात गंजाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. विमान २०२० च्या आधीपासून उभं असेल तर त्यात एडीएस-बी आउट, म्हणजे विमानाची जागा आपोआप प्रसारित करणारं उपकरण, आहे का तेही बघा. १ जानेवारी २०२० पासून मोठ्या विमानतळांच्या परिसरात ते लागतंच.

याचा अर्थ रोज घासलेलं प्रशिक्षणाचं विमान डोळे मिटून घ्यावं असा नाही. ४ एप्रिल २०१८ ला फ्लोरिडात डेटोना बीचजवळ प्रशिक्षणाच्या पायपर ॲरोचा डावा पंख हवेत तुटला, दोघे गेले. पंखाच्या मुख्य स्पारला, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या तुळईला, वापराने तडे गेले होते. त्यानंतर पायपरच्या अनेक मॉडेलांसाठी स्पारच्या तपासणीचा आदेश निघाला. असे आदेश, म्हणजे एडी, प्रत्येक मॉडेलला असतात. सेस्नात खुर्चीच्या रुळांचा आहे, कारण उड्डाण घेताना खुर्ची मागे घसरून अपघात झाले आहेत. कोणता आदेश कधी पाळला याची यादी लॉगबुकाशी ताडून बघा.

कागदपत्रांबद्दल एक महत्त्वाचं

आपल्या लोकांत एक समज आहे, की पैसे मोजले म्हणजे विमान आपल्या नावावर होतं. अमेरिकेत व्यक्तीच्या नावावर विमान नोंदवायला ती नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावी लागते. एच-१बी व्हिसावर तुम्ही विमान उडवू शकता, पण थेट स्वतःच्या नावावर नोंदवू शकत नाही. त्यासाठी ट्रस्टचा मार्ग आहे. तो जाणकार वकिलाकडूनच समजून घ्या, आणि बयाणा देण्याआधी. विमानावर कुणाचं कर्ज आहे का हे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या, म्हणजे एफएएच्या, ओक्लाहोमा सिटीतल्या नोंदींतून कळतं. हा टायटल सर्च स्वस्त असतो, तो चुकवू नका.

विकणारा सिलिंडर काढू द्यायला कचरतो, आणि त्याची बाजूही समजण्यासारखी आहे. परक्या मेकॅनिकने चांगलं इंजिन उघडणं कुणालाच आवडत नाही. काम पुन्हा जोडण्यासकट तुमच्या खर्चाने, त्याच्या मेकॅनिकच्या देखत करू, असं सांगून बघा. तरीही नकार आला, तर इंजिनाची किंमत शून्य धरा, ओव्हरहॉलचे तीस-चाळीस हजार वजा करा आणि तेवढीच बोली लावा. ती त्याला पटली नाही तर ते विमान सोडून द्या.