ई-मेलचा सर्व्हर : स्वतःचा की भाड्याचा?

५-१० संगणकांच्या कार्यालयाने ई-मेलचा सर्व्हर स्वतःच बसवावा काय, असा प्रश्न अनेक व्यापारी बंधूंना पडतो. सॉफ्टवेअर मोफत मिळते हे खरे. पण स्थिर आयपी पत्ता, २४ तास वीज आणि रोजची देखरेख हा खर्च चालूच राहतो. शिवाय नवख्या सर्व्हरवरून गेलेले कोटेशन दुबईच्या ग्राहकाच्या स्पॅममध्ये पडले, तर ऑर्डर हातची जाते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम ही ओळखीची नोंद सक्तीची केली आहे.

म्हणून छोट्या कार्यालयाने झोहो, गुगल वा मायक्रोसॉफ्टची भाड्याची सेवा घेणे बरे. डोमेन मात्र वेबसाइट बनवणाऱ्याच्या नव्हे, पेढीच्याच नावावर नोंदवावे. मग सेवा बदलली तरी पत्ता तोच राहतो. पीओपी-३ ऐवजी आयमॅप निवडावे, म्हणजे संगणक बिघडला तरी पत्रे सर्व्हरवर राहतात. पण आयमॅपमध्ये एका जागी पुसलेले पत्र सगळीकडून जाते. म्हणून दरमहा वेगळी प्रत काढावी. नोकर काम सोडून गेला, तरी त्याची मेलपेटी पेढीच्याच ताब्यात हवी. ग्राहकाचा पत्रव्यवहार ही आपल्याकडची अमानत आहे.