नवा रेडिएटर घरच्या घरी

मोटारीच्या इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलपासून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी स्थूलमानाने एक-तृतीयांश गाडी चालविण्याच्या कामी येते, तितकीच धुराबरोबर निघून जाते, आणि उरलेल्या उष्णतेचा बंदोबस्त करण्याची कामगिरी मुख्यत्वे रेडिएटरकडे असते. १९०१ सालच्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा, असंख्य नळ्यांचा रेडिएटर योजिला. थोडक्या जागेत अधिकाधिक पृष्ठभाग वाऱ्याला मिळवून द्यावा, हे त्यातील तत्त्व आजही अबाधित आहे. असा रेडिएटर गळू लागल्यास तो बदलण्याचे काम सामान्य गृहस्थाला, विशेषतः मारुती ८०० सारख्या साध्या रचनेच्या गाडीवर, घरच्या अंगणात करता येते. मात्र त्याला पान्या-पकडीच्या कौशल्यापेक्षा दोन वेळा धीर धरण्याची तयारी अधिक लागते.

पहिला धीर आरंभीच धरावयाचा. रेडिएटरचे झाकण आतील द्रवावर दाब राखते, आणि दाबाखालचे पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊनही उकळत नाही. परंतु तापलेल्या गाडीचे झाकण उघडताच तो दाब नाहीसा होतो आणि ते अतितप्त पाणी वाफेसह उसळून हात-तोंड भाजून काढते. यास्तव इंजिन पूर्ण गार होईपर्यंत, मग त्यात काही तास का जाईनात, झाकणाला हात लावू नये.

त्यानंतरचे काम सरळ आहे. विजेवर चालणारा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही अकस्मात फिरू लागतो, म्हणून प्रथम बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी. खाली पसरट भांडे ठेवून कूलंट काढून घ्यावा. मग वरचा व खालचा होज पाइप, पंख्याच्या तारांची जोडणी आणि शेवटी बोल्ट सोडवून रेडिएटर अलगद उचलावा. चिकटून बसलेला पाइप हिसका देऊन ओढू नये, हलकेच पिळून मोकळा करावा, कारण हल्लीच्या बहुतेक रेडिएटरांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असून त्यांची तोंडे जोर सोसत नाहीत. नवा रेडिएटर जुन्याशेजारी ठेवून तोंडांचा व्यास व बोल्टांच्या जागा पडताळाव्यात, आणि चिरा पडलेले पाइप व सैल क्लिपा बदलण्यात काटकसर करू नये.

नवा रेडिएटर उलट क्रमाने बसवून बॅटरीची तार पुन्हा जोडली, की दुसरा धीर कूलंट भरताना. गाडीच्या पुस्तिकेत मुक्रर केलेला कूलंट सांगितलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून सावकाश ओतावा; नळाच्या पाण्यातील क्षार आत थर धरतात. हवा अडकून राहिली, तर पाण्याचे अभिसरण खुंटते आणि नवा रेडिएटर असूनही इंजिन तापते. म्हणून झाकण उघडे ठेवून, हीटर असल्यास तो गरमवर करून, थंड इंजिन संथ गतीने चालू करावे, तोंड दूर ठेवावे, बुडबुडे निघून पातळी उतरेल तशी भर घालावी. बुडबुडे थांबल्यावर झाकण लावून पंखा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत प्रत्येक सांधा न्याहाळावा, आणि गाडी गार झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी.

काढलेला कूलंट उघड्यावर ठेवू नये की गटारात ओतू नये. त्यातील एथिलीन ग्लायकॉल विषारी, पण चवीला गोड असते, आणि कुत्री-मांजरे ते चाटून प्राणास मुकतात. काढलेला कूलंट बंद डब्यात भरून त्याची योग्य विल्हेवाट लावणाऱ्या गॅरेजकडे सुपूर्द करावा.

घाई करणाऱ्याचे यात काही तास वाचतील खरे. परंतु इंजिन तापून सिलिंडर हेड वाकले, तर त्या दुरुस्तीत रेडिएटरच्या कितीतरी पट रक्कम खर्ची पडते. घरी काम करणाऱ्याजवळ गॅरेजची साधने नसली, तरी वेळ त्याच्या स्वाधीन असतो, आणि या कामात तेच त्याचे खरे भांडवल होय.