उतारावरची न्यूट्रल गाडी

पुण्याच्या बाह्यवळण मार्गावर कात्रजचा नवा बोगदा मागे पडला की नवले पुलापर्यंत रस्ता सलग उतरत जातो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर साताऱ्याच्या बाजूने आलेला एक मालट्रक आवरेनासा झाला आणि पुढच्या कित्येक गाड्यांना धडकत गेला. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले. घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकायची, जमले तर इंजिनच बंद करायचे आणि तेवढेच डिझेल वाचवायचे, ही सवय आपल्याकडे जुनी आहे. त्यात नेमके काय पणाला लागते, ते मात्र सहसा कोणी समजावून सांगत नाही.

न्यूट्रलमध्ये इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो. मग गाडीला खाली ओढतो तो उतार आणि अडवतात त्या दोनच गोष्टी: टायर आणि हवा. टायर रस्त्यावर टेकतो तिथे दबतो आणि पुढे सरकला की परत फुगतो. या दबण्या-फुगण्यात शक्ती खर्च होते, म्हणूनच टायर गरम होतात. हा अडथळा गाडीच्या वजनाच्या साधारण एक ते दीड टक्का असतो. टायरमध्ये हवा कमी असेल तर तो वाढतो. ब्रेक किंचित चिकटत असतील किंवा चाकाचे बेअरिंग घासत असेल, तर त्याची भर पडते. वेग वाढला म्हणून टायरचा अडथळा फारसा बदलत नाही. हवेचा मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, तर अडथळा चौपट.

सपाट रस्त्यावर, वारा नसताना, बाराशे किलोची कार ताशी ८० किलोमीटरवर न्यूट्रलला सोडली, तर पहिल्या काही सेकंदांत तिचा वेग सेकंदाला ताशी एक किलोमीटरच्या आसपास घटतो. वेग ३०वर आला की घट निम्म्यावर येते, कारण आता हवा जवळपास बाजूला झालेली असते आणि उरलेले काम टायर करतात. साधारण ताशी ६५ च्या खाली टायर जास्त अडवतात, त्याच्या वर हवा.

वाहन उद्योगात ही घट मुद्दाम मोजतात. चाचणीसाठी सपाट, सरळ ट्रॅकवर गाडी वेगात नेऊन न्यूट्रलला सोडतात आणि वेग उतरायला किती सेकंद लागले याची नोंद ठेवतात. वाऱ्याचा परिणाम वजा व्हावा म्हणून तीच चाचणी उलट दिशेनेही घेतात. त्यावरून निघालेला अडथळा पुढे प्रयोगशाळेतल्या रोलरवर लावला जातो आणि मग गाडीचे अ‍ॅव्हरेज व धूर तपासला जातो. जाणकाराच्या हातात, मोकळ्या ट्रॅकवर, न्यूट्रल हे मोजमापाचे उत्तम साधन आहे.

उतारावर गणित पालटते. शंभर मीटरला चार मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर तीच कार न्यूट्रलला सोडली आणि ब्रेकला हातच लावला नाही, तर वेग वाढत वाढत ताशी शंभरच्या जवळ जाऊन स्थिरावतो. तिथे हवेचा अडथळा उताराच्या ओढीला पुरा पडतो. आता त्याच रस्त्यावर ४० टनांचा भरलेला ट्रक घ्या. त्याचे वजन कारच्या तेहतीसपट, पण वाऱ्याला भिडणारा पुढचा भाग चारेक पटच मोठा. शिवाय ट्रकचे टायर वजनाच्या मानाने कमी अडवतात. कागदावर त्याचा वेग ताशी दोनशेच्याही वर जातो. प्रत्यक्षात तेवढा उतार कुठे मिळत नाही, पण अर्थ भयंकर आहे: रिकामा ट्रक जिथे सहज आवरतो, तिथे भरलेल्याला हवा थोपवतच नाही.

उरले ब्रेक. असा ट्रक पाच किलोमीटरच्या उतारावर दोनशे मीटर खाली आला, तर टायर आणि हवेचा वाटा वजा करूनही जवळपास दोनशे लिटर पाण्याला उकळी आणेल इतकी उष्णता उरते. गिअर नसेल तर ती सगळी ड्रम आणि लायनरने सोसायची. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते आणि पेडल दाबले तरी गाडी थांबत नाही. इंजिन बंद असेल तर एअर ब्रेकचा कॉम्प्रेसरही बंद. दर दाबाबरोबर टाकीतली हवा कमी होते. कारचे दुखणे वेगळे. इंजिन बंद असताना ब्रेकच्या बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा ब्रेक लागतो, नंतर पेडल दगडासारखे होते. पॉवर स्टीअरिंगही जड पडते.

हे सगळे ज्या इंधनासाठी, ते तरी वाचते का? जुन्या कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाड्यांत थोडेफार वाचत असे. इंजेक्शनच्या गाड्यांत नाही. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि इंजिनाचे फेरे पुरेसे असले, की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. चाकेच इंजिन फिरवतात आणि इंधन शून्य लागते. न्यूट्रलला टाकले तर इंजिन चालू राहण्यासाठी तासाला अर्धा ते एक लिटर जळतच राहते. म्हणजे घाटात पैसे वाचतात ते गाडी गिअरमध्ये ठेवल्याने.

जुने चालक सांगतात, चढाला जो गिअर, तोच उताराला. हा गिअर उतार सुरू होण्याआधीच टाकायचा असतो. कारण न्यूट्रलमध्ये ट्रकने एकदा वेग घेतला की चाकांचे फेरे आणि इंजिनाचे फेरे यांचा मेळ तुटतो; खालचा गिअर दात खात करकरतो, बसत नाही. चालकाच्या हातात तेव्हा फक्त तापलेले ब्रेक असतात आणि समोर नवले पुलाकडे जाणारी गर्दी.