मातीच्या मावळ्यांना डाव द्या

दिवाळीत बारामती-इंदापूरच्या अंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात आणि त्यांवर मावळे मांडले जातात. सैन्य तयार असते, रणभूमी तयार असते, पण डाव नसतो. इंग्लंडमध्ये 1983 साली आलेल्या ‘वॉरहॅमर’ या टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळात तो असतो. दोन्ही बाजूंना सारखेच गुण मिळतात आणि त्यांतून सैनिक घ्यायचे असतात. एल्फ हे कल्पित धनुर्धर चपळ आणि निष्णात, पण महाग व नाजूक, म्हणून त्यांची फौज लहानच राहते. समोरासमोर भिडली तर ती संपते; झाडी, उंचवटा आणि वेग वापरला तरच टिकते. मोजके बळ कुठे खर्चावे, हे अशा खेळातून मुलांना कळते.

शिवकाळाचा खेळ करणे अनादराचे, असा आक्षेप कोणी घेईल. पण सुपे आणि इंदापूर हे शहाजीराजांच्या जहागिरीतले परगणे. थोड्या माणसांनी मोठ्या फौजेशी कसे लढावे, हा प्रश्न याच मुलखाने अनुभवला आहे. नुसते मांडून ठेवलेले मावळे तो मुलांपुढे आणत नाहीत. प्रशियाच्या सैन्यानेही 1824 साली अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी असाच युद्धखेळ स्वीकारला होता. खर्चाची अडचणही मोठी नाही, कारण फासे, मोजपट्टी आणि मातीचे मावळे एवढे पुरते. यंदा किल्ला बांधून झाला, की मुलांना लढाईचे नियमही करू द्या.